समुद्रातील स्थलांतराचा मागोवा : सॅमन, ऑलिव्ह रिडले आणि थांबलेल्या संकेतांचा अर्थ

प्रस्तावना

डिसेंबर २०२४ मध्ये येडशी येथील रामलिंग घाट अभयारण्यात लावलेल्या स्वयंचलित कॅमेऱ्यात एका नर वाघाचे छायाचित्र उमटले. जेमतेम २२ चौरस किलोमीटर क्षेत्राच्या या अभयारण्यात, आणि एकूणच धाराशिव जिल्ह्यात, वाघ येईल अशी कोणाची अपेक्षा नव्हती. त्याच्या अंगावरील पट्ट्यांची जुन्या नोंदींशी तुलना करण्यात आली, तेव्हा तो यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यातून सुमारे ५०० किलोमीटर अंतर कापून आल्याचे स्पष्ट झाले. यानंतर गावात आणि महाविद्यालयात चर्चा झाली ती स्वाभाविकपणे भीतीची आणि कुतूहलाची. तथापि अभ्यासकाच्या दृष्टीने या घटनेत एक वेगळाच प्रश्न दडलेला आहे. आपल्याजवळ टिपेश्वरचे छायाचित्र आहे आणि येडशीचे छायाचित्र आहे. या दोहोंच्या मधले काय आहे? तो कोणत्या ओढ्याने आला, किती दिवस कोठे थांबला, त्याच्याबरोबर निघालेला एखादा भाऊ वाटेत मेला काय, यांपैकी काहीही ती दोन छायाचित्रे सांगत नाहीत. याच टिपेश्वरच्या आणखी एका वाघाला फेब्रुवारी २०१९ मध्ये रेडिओ कॉलर लावलेली होती. त्यामुळे बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यापर्यंतचा त्याचा तीन हजार किलोमीटरांहून अधिक लांबीचा मार्ग आज नकाशावर काढता येतो. मधली पोकळी भरून काढणे, हेच मागोवा घेण्याच्या शास्त्राचे खरे काम होय.

जमिनीवर ही पोकळी काही अंशी तरी भरता येते; कारण जमिनीवर ठसे उमटतात, शेतकरी पाहतात, जनावर मारले गेल्यास बोभाटा होतो. समुद्रात यांपैकी काहीच होत नाही. तेथे एखादा प्राणी गेला आणि परतला नाही, तर तो मेला, वाट बदलून दुसरीकडे गेला, की परतूनही आपल्याला दिसला नाही, हे ठरविणे फार कठीण असते. प्रस्तुत लेखात सॅमन मासा आणि कोकणच्या किनाऱ्यावर अंडी घालणारे ऑलिव्ह रिडले कासव या दोन उदाहरणांच्या आधारे हे कसे ठरविले जाते, याचे विवेचन करण्याचा प्रयत्न केला आहे. प्राणिशास्त्राबाहेरील सहकारी प्राध्यापकही वाचक असल्यामुळे पारिभाषिक शब्दांचा वापर मर्यादित ठेवला आहे.

सॅमन : नदीच्या दारातून मोजणी

प्रारंभी एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. मुंबई-गोव्याच्या हॉटेलांतील खाद्यपत्रिकेवर रावस माशाला 'इंडियन सॅमन' असे भारदस्त नाव दिलेले आढळते. परंतु रावस आणि सॅमन यांचा कुलाने काहीही संबंध नाही. भारतीय समुद्रात सॅमन नाही. त्याच्या कुळातील ट्राउट मासा इंग्रजांनी काश्मीर व निलगिरीच्या थंड पाण्यात आणून सोडला, एवढाच काय तो आपला आणि त्या कुळाचा परिचय.

सॅमन उत्तर अटलांटिक व उत्तर पॅसिफिक महासागरांच्या काठच्या नद्यांत, गोड्या पाण्यात जन्मतो. बोटभर लांबीचा झाला की नदीच्या प्रवाहाबरोबर समुद्रात उतरतो, तेथे एक वा अधिक वर्षे राहून मोठा होतो आणि प्रजननासाठी बहुधा आपल्या जन्मनदीतच परततो. त्याच्या या सवयीमुळे अभ्यासकांची मोठी सोय झाली आहे. नदी हे एक दार समजावे. त्या दारातून बाहेर जाणारी पिल्ले मोजावीत, आत येणारे मोठे मासे मोजावेत आणि वजाबाकी करावी. आयर्लंडमधील बरिशूल, उत्तर आयर्लंडमधील बुश, नॉर्वेतील इम्सा अशा काही नद्यांवर अनेक दशके ही मोजणी चालू आहे. १९७० च्या दशकाच्या तुलनेत समुद्रातून परतणाऱ्या अटलांटिक सॅमनचे प्रमाण लक्षणीय घटले आहे, हे प्रामुख्याने अशा नोंदींवरूनच कळले.

मात्र ही वजाबाकी फक्त 'किती' एवढेच सांगते. 'कोठे' आणि 'कशाने' हे सांगत नाही. त्यासाठी प्रत्येक माशाला ओळख देणे भाग पडते. १९६० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत याकरिता एक साधा उपाय शोधला गेला. सुमारे एक मिलिमीटर लांबीचा, सांकेतिक खूण असलेला पोलादी तारेचा तुकडा पिल्लाच्या नाकाडातील कूर्चेत टोचायचा. अशा माशाची पाठीवरील लहानसा मांसल पर कापलेला असतो, जेणेकरून तो मोठेपणी जाळ्यात सापडला की कोळ्याला वा तपासनिसाला ओळखू यावा. मग डोके कापून तार काढायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली वाचायची. अर्थात ही खूण मासा मेल्यावरच बोलते, आणि तेही तो मनुष्याच्या हाती मेला तरच.

जिवंत माशाचा माग काढण्यात मुख्य अडचण आहे ती खाऱ्या पाण्याची. खारे पाणी रेडिओलहरी झपाट्याने शोषून घेते. त्यामुळे वाघाच्या गळ्यातील कॉलरसारखे यंत्र पाण्याखालील माशाच्या बाबतीत निरुपयोगी ठरते. ध्वनी मात्र पाण्यात सेकंदाला सुमारे दीड किलोमीटर वेगाने दूरवर जातो. म्हणून पिल्लाच्या पोटात शस्त्रक्रियेने एक छोटे ध्वनियंत्र बसविले जाते. ते ठरावीक अंतराने स्वतःचा क्रमांक 'उच्चारत' राहते, आणि समुद्रतळावर ओळीने नांगरलेली श्रवणयंत्रे तो टिपून ठेवतात. एका श्रवणयंत्राची कक्षा साधारण काही शे मीटर असते. म्हणूनच खाड्या व सामुद्रधुनी यांच्या आरपार अशा यंत्रांच्या रांगा लावाव्या लागतात. कॅनडातील हॅलिफॅक्स येथील डलहौजी विद्यापीठात २००८ पासून चालणारे ओशन ट्रॅकिंग नेटवर्क हे अशा यंत्रणांचे मोठे जाळे आहे.

न ऐकू आलेल्या माशांचे गणित

येथे या विषयाचा गाभा येतो. श्रवणयंत्रांच्या पहिल्या रांगेने शंभरपैकी साठ मासे ऐकले, तर चाळीस मेले असे म्हणता येईल काय? नाही. लाटांचा खळखळाट होता, मासा दोन यंत्रांच्या मधून निसटला, यंत्रावर शेवाळ वाढले, अशी अनेक कारणे संभवतात. मग मेलेले आणि नुसते न ऐकू आलेले वेगळे कसे काढावेत?

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. १०० पिल्ले सोडली. पहिल्या रांगेवर ६० ऐकू आली. पुढे दूरवरच्या दुसऱ्या रांगेवर ४० ऐकू आली. या ४० पैकी ३० पहिल्या रांगेवरही नोंदली गेली होती, १० मात्र तेथे नोंदली गेली नव्हती. जी दुसऱ्या रांगेपर्यंत पोहोचली ती पहिली रांग जिवंतपणीच ओलांडून गेली असली पाहिजेत, याविषयी शंका नाही. याचा अर्थ असा की पहिल्या रांगेने ४० जिवंत माशांपैकी ३०, म्हणजे ७५ टक्के, ऐकले. रांगेची श्रवणक्षमता ७५ टक्के असेल आणि तिने ६० मासे ऐकले असतील, तर तेथवर प्रत्यक्षात ८० पोहोचले असले पाहिजेत. म्हणजेच मेले ते २०, ४० नव्हेत.

या विचाराचे मूळ जुने आहे. डेन्मार्कच्या पीटरसन यांनी १८९६ मध्ये माशांना खुणा करून पुन्हा पकडण्याच्या पद्धतीचा वापर केला. १९६४-६५ च्या सुमारास कॉर्मॅक, जॉली आणि सीबर यांनी तिला आजचे संख्याशास्त्रीय रूप दिले. संख्याशास्त्राच्या सहकाऱ्यांनी यातील एक मर्म ध्यानात घ्यावे. पहिल्या रांगेची क्षमता दुसऱ्या रांगेमुळे कळली. मग दुसऱ्या रांगेची कशामुळे कळणार? तिच्यापलीकडे तिसरी असेल तरच. शेवटच्या रांगेवर मरणे आणि न ऐकू येणे यांची उकल होऊच शकत नाही. कितीही खर्च केला तरी कोठे तरी शेवटची रांग असतेच.

या पद्धतीने काही रूढ समजांना धक्काही दिला आहे. २००८ मध्ये डेव्हिड वेल्च व सहकाऱ्यांनी अनेक धरणे असलेली कोलंबिया नदी आणि मुख्य प्रवाहावर धरण नसलेली फ्रेझर नदी यांतील पिल्लांच्या जगण्याची तुलना प्रसिद्ध केली. नदीतून खाली उतरतानाचे जगण्याचे प्रमाण दोहोंत जवळजवळ सारखेच आढळले. याचा अर्थ धरणे निरुपद्रवी आहेत असा नाही. पण केवळ धरणाकडे बोट दाखवून मोकळे होण्याची सोय मात्र राहिली नाही.

आणखी एक प्रकार विशेष लक्षवेधी आहे. काही मोठ्या सॅमनना तापमान व खोली नोंदवून ठरल्या वेळी सुटून पृष्ठभागावर येणारी यंत्रे लावण्यात आली. त्यांपैकी काही यंत्रांच्या नोंदीत थंड पाण्याचे तापमान अकस्मात वाढून काही दिवस चढेच राहिलेले दिसले. खोली मात्र बदलत होती. यंत्र पोहत होते, परंतु ते आता सॅमनच्या अंगावर नव्हते. उष्ण शरीराच्या एखाद्या शिकारी माशाच्या पोटात होते. समुद्रातील मृत्यूची इतकी नेमकी नोंद मिळणे दुर्मिळच म्हणावे लागेल.

कोकणातील प्रयोग

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर अशा मागोव्याचा सर्वांत जवळचा दाखला ऑलिव्ह रिडले कासवांचा आहे. सॅमनप्रमाणेच हे कासवही जन्मस्थळ आणि चरण्याचे क्षेत्र यांमध्ये दूरवर ये-जा करते. फरक असा की सॅमन प्रजननासाठी नदीत शिरतो, तर कासवाची मादी केवळ तासाभरासाठी वाळूवर येते, शंभरावर अंडी पुरते आणि परत जाते. नर तर बहुधा किनाऱ्यावर येतच नाही.

मंडणगड तालुक्यातील वेळास हे नाना फडणविसांचे मूळ गाव. तेथे चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने २००२ पासून अंड्यांच्या संरक्षणाचे काम सुरू केले. पुढे कासव महोत्सवामुळे वेळास सर्वतोमुखी झाले. परंतु वीस वर्षे इतकी अंडी राखूनही, अंडी घालून गेलेली मादी जाते कोठे, याचे उत्तर कोणाजवळ नव्हते. वन विभाग, मॅन्ग्रोव्ह फाउंडेशन आणि डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था यांनी जानेवारी २०२२ मध्ये वेळासच्या किनाऱ्यावर एका मादीच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेले यंत्र बसविले. तिचे नाव 'प्रथमा' ठेवण्यात आले. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडलेला असे यंत्र प्रथमच लावले गेले. त्यानंतर आंजर्ले येथे 'सावनी' आणि गुहागर येथे 'वनश्री', 'रेवा' व 'लक्ष्मी' अशा एकूण पाच माद्यांना यंत्रे लागली. फेब्रुवारी २०२३ मध्ये गुहागरलाच 'बागेश्री' आणि 'गुहा' यांची भर पडली.

सॅमनला जे साधत नाही ते कासवाला साधते, याचे कारण एवढेच की कासव हा फुप्फुसाने श्वास घेणारा प्राणी आहे. त्याला श्वासासाठी वर यावेच लागते. यंत्रावर एक खार-संवेदक बसविलेला असतो. यंत्र पाण्याबाहेर आले की परिपथ खुला होतो आणि संदेश प्रक्षेपित होतो. १९७८ पासून कार्यरत असलेल्या आर्गोस यंत्रणेचे उपग्रह तो टिपतात. स्थान कसे कळते, हे भौतिकशास्त्राच्या सहकाऱ्यांना सांगावयास नको. येडशीच्या स्थानकावरून न थांबता जाणाऱ्या गाडीची शिटी जवळ येताना चढी आणि दूर जाताना उतरती ऐकू येते, तोच डॉप्लर परिणाम येथे उपयोगी पडतो. येथे गाडी म्हणजे उपग्रह नसून कासव जणू शिटी वाजवीत फलाटावर उभे आहे आणि ऐकणारा गाडीत बसून पुढे चालला आहे, एवढाच भेद. अशा स्थानात काही शे मीटरांपासून काही किलोमीटरांपर्यंत चूक संभवते. हे नकाशावरील रेघ पाहताना विसरले जाते.

या सात माद्यांपैकी बागेश्रीचा प्रवास सर्वांत बोलका आहे. ती कोकणातून दक्षिणेकडे गेली आणि श्रीलंकेला पोहोचून पुढे बंगालच्या उपसागरात शिरली. अरबी समुद्रातील कासवे आणि ओडिशाची कासवे ही जणू दोन वेगळी घराणी, असा जो सोयीचा समज होता, तो यामुळे सैल झाला. उलटपक्षी लक्ष्मीचे संकेत थोड्याच काळात थांबले. पुढे क्रमाने इतरांचेही थांबले.

संकेत थांबला म्हणजे काय झाले?

या बातम्या वर्गात सांगत असताना एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, सिग्नल थांबला म्हणजे कासव मेलं का?" प्रश्न भाबडा वाटला तरी शास्त्रीयदृष्ट्या तोच कळीचा आहे, आणि त्याचे प्रामाणिक उत्तर 'सांगता येत नाही' असेच आहे. बॅटरी संपते. खार-संवेदकावर शिंपल्यांचे व शेवाळाचे थर चढतात, मग कासव वर आले तरी यंत्राला आपण पाण्याखालीच आहोत असे वाटत राहते. अँटेना खडकावर घासून मोडते. पाठीवरील यंत्र निखळते. आणि कासव खरोखरच जाळ्यात गुदमरूनही मरते. ग्रॅम हेज व सहकाऱ्यांनी २००७ मध्ये अशा थांबलेल्या यंत्रांचे विश्लेषण करून दाखविले की, शेवटच्या काही दिवसांतील बॅटरीचा दाब, संवेदकाचे वाचन व स्थानांचा दर्जा तपासल्यास यांतील काही कारणे ओळखू येतात. म्हणजे मौनापूर्वीचे शब्द काळजीपूर्वक वाचावे लागतात.

भारतात हा पेच पूर्वीच उद्भवला होता. एप्रिल २००१ मध्ये ओडिशातील देवी नदीच्या मुखाजवळ चार माद्यांना उपग्रहयंत्रे लावण्यात आली. एक श्रीलंकेकडे गेली, उरलेल्या ओडिशा व आंध्रच्या समुद्रात फिरत राहिल्या. साधारण चार महिन्यांच्या आत चारही यंत्रे मूक झाली. तांत्रिक बिघाड की ट्रॉलरच्या जाळ्यातील मृत्यू, याचा निर्णय संशोधकांना करता आला नाही आणि त्यांनी तसे स्पष्ट लिहिले. प्रस्तुत लेखकाच्या मते तो त्या अहवालातील सर्वांत मोलाचा भाग आहे. सॅमनच्या उदाहरणाशी ताडून पाहिल्यास कारण लक्षात येईल. उपग्रहयंत्राला दुसरी रांगच नसते. शंभर माशांचा हिशेब पुढच्या रांगेवरून मागे तपासता येतो. चार वा सात कासवांच्या बाबतीत प्रत्येक जण आपापल्या शेवटच्या रांगेवर उभा असतो.

यावर एक जुनाच उपाय आहे, तो म्हणजे परावर क्रमांकाचा धातूचा बिल्ला ठोकणे. १९७० च्या दशकात सी. एस. कर यांनी गहिरमाथ्यावर हजारो कासवांना असे बिल्ले लावले होते. त्याला बॅटरी लागत नाही आणि किंमतही अल्प असते. मार्च २०२१ मध्ये भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेने ओडिशात '०३२३३' क्रमांकाचा बिल्ला लावलेली मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरच्या वाळूवर अंडी घालताना आढळली. पूर्व किनाऱ्यावर नोंदलेली मादी पश्चिम किनाऱ्यावर अंडी घालते, ही नोंद अपूर्व होय. वृत्तपत्रांनी तिने ३,५०० किलोमीटर प्रवास केल्याचे छापले. हा आकडा श्रीलंकेला वळसा घालून मोजलेल्या अंतराचा आहे. तिने पोहलेल्या अंतराचा नव्हे. जवळजवळ चार वर्षांत ती कोठकोठे हिंडली असेल हे बिल्ला सांगत नाही, जसे टिपेश्वर आणि येडशी यांमधले छायाचित्रे सांगत नाहीत. मात्र एक गोष्ट तो निःसंदिग्धपणे सांगतो, की जानेवारी २०२५ मध्ये ती जिवंत होती.

'हजारात एक' या आकड्याविषयी

कासव महोत्सवात आणि पाठ्यपुस्तकांतही 'हजार पिल्लांतून एक जगते' हे वाक्य हमखास ऐकावयास मिळते. ही कोणी मोजलेली संख्या आहे असा समज असल्यास तो दुरुस्त करावा लागेल. पिल्लू चार-साडेचार सेंटिमीटरचे असते. त्याच्या पाठीवर उपग्रहयंत्र बसवून वयात येईपर्यंत पाठलाग करणे शक्य झालेले नाही. आर्ची कार या अभ्यासकाने या काळाला 'हरवलेले वर्ष' म्हटले होते. प्रत्यक्षात ती अनेक वर्षे असतात. केट मॅन्सफील्ड यांनी अटलांटिकमधील लॉगरहेड जातीच्या काही महिन्यांच्या पिल्लांवर सौरशक्तीवरील लहान यंत्रे बसवून २०१४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले, तेही काही महिन्यांच्याच प्रवासाचे.

मग हा आकडा येतो कोठून? तो साध्या ताळेबंदातून येतो. समजा, एका मादीने आयुष्यात दहा हंगाम, दर हंगामात दोनदा, दर वेळी ११० अंडी घातली, तर एकूण २,२०० अंडी झाली. कासवांची संख्या स्थिर राहावयाची तर त्यांतून एक नर व एक मादी अशी दोनच प्रौढ होणे अपेक्षित आहे. म्हणजे अकराशे अंड्यांत एक. मादी पाचच हंगाम जगली, तर हेच प्रमाण साडेपाचशेत एक असावे लागते. अर्थात हा आकडा समुद्रात काय घडते हे सांगत नाही. संख्या टिकण्यासाठी काय घडले पाहिजे हे सांगतो. आणि ते 'पाहिजे' प्रौढ मादी किती वर्षे जगते यावर अवलंबून आहे.

हा भेद केवळ पंडिती नाही. क्राउझ, क्राउडर आणि कॅस्वेल यांनी १९८७ मध्ये लॉगरहेड कासवांच्या बाबतीत गणिताने दाखविले की, सर्व अंडी वाचविली तरीही मोठ्या वयाच्या कासवांचा मृत्युदर तसाच राहिला तर घट थांबत नाही. त्या विवेचनामुळे ट्रॉलरच्या जाळ्यात कासवांना निसटण्यासाठी झडप बसविण्याच्या आग्रहाला बळ मिळाले. आपल्याकडील परिश्रम मात्र मुख्यतः अंड्यांवर केंद्रित आहेत. ते आवश्यकच आहेत. कोल्हे-कुत्र्यांनी आणि माणसांनी सर्व घरटी उकरली असती तर पुढचा प्रश्नच उरला नसता. पण वेळासच्या वाळूवरील यश समुद्रात टिकते काय, हे तपासण्याचे साधन अंड्यांच्या नोंदवहीत नाही.

ते साधन काही प्रमाणात मच्छीमारांच्या हातात आहे. जाळ्यात अडकलेला संरक्षित प्राणी जाळे कापून सोडून दिल्यास नुकसानभरपाई म्हणून २५,००० रुपयांपर्यंत रक्कम देण्याची योजना महाराष्ट्रात डिसेंबर २०१८ पासून सुरू झाली. तिच्याकडे सामान्यतः दयाबुद्धीचा उपक्रम म्हणून पाहिले जाते. परंतु अशा प्रत्येक सुटकेबरोबर दिनांक, ठिकाण, जाळ्याचा प्रकार आणि परावर बिल्ला होता किंवा नव्हता, एवढ्या चार बाबी पद्धतशीरपणे नोंदविल्या गेल्या, तर ती खोल पाण्यातील श्रवणयंत्रांची रांगच ठरेल. बिल्ला नसल्याची नोंदही तितकीच महत्त्वाची असते, कारण न दिसलेल्यांचा हिशेब तिच्याशिवाय मांडता येत नाही. किनारी जिल्ह्यांतील महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र आणि संख्याशास्त्र विभागांना हे काम परवडण्याजोगे आहे. उपग्रहयंत्र विकत घेण्याची ऐपत नसली तरी बंदरावर वही घेऊन जाता येते, आणि '०३२३३' हा क्रमांकही शेवटी गुहागरच्या किनाऱ्यावर कोणीतरी वाकून वाचला म्हणूनच कळला.